आधी एक खुर्ची द्या

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी एक खुर्ची द्या." पाणी नको, चहा नको, मशीन कुठे बसवलंय तेही नको. खुर्ची मिळाली की ज्या खोलीची तक्रार असेल तिच्या मधोमध ती ठेवायची आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसून राहायचं. नव्या गिऱ्हाइकाला आधी वाटे, बिचारा दमलाय. मग वाटे, जरा चक्रमच दिसतोय. घरातली माणसं दाराआड कुजबुजायला लागली की हे खिशातून एक बारीक काडी काढत. काडीच्या टोकाला शिवणकामाचा वीतभर दोरा बांधलेला असे. तो दोरा ते हवा सोडणाऱ्या जाळीसमोर, दाराखालच्या फटीसमोर, खिडकीच्या सांध्यापाशी धरत. दोरा कुठे हलतो, कुठे लोंबकळत राहतो, ते बघत आणि मग उठून मशीनकडे जात.

गावातली निम्मी घरं थंड-गरम ठेवणाऱ्या या माणसाला सगळे खुर्चीवाले म्हणायचे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

त्यांच्या गोष्टी लोक चवीनं सांगत. एका घरी ऐन थंडीत मशीन रात्रंदिवस चालायचं आणि माणसं मात्र घोंगड्या पांघरून जेवायची. दोन मिस्त्री येऊन गेले होते, दोघांनीही मशीनच बदला म्हणून सांगितलं होतं. खुर्चीवाले बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कपाट कधी आणलंत?" नवीन सुनेचं भलंमोठं कपाट थेट त्या जाळीला टेकवून उभं केलं होतं जिच्यातून घरातली हवा मशीनकडे परत जाते. मशीन बिचारं नाक दाबून धावत होतं. चौघांनी मिळून कपाट हातभर सरकवलं आणि रात्रीपर्यंत घोंगड्या घडी करून ठेवल्या गेल्या. खुर्चीवाल्यांनी हत्यारांची पेटी उघडलीसुद्धा नाही. उगाच पेटी उघडून खुडबुड करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "मशीन बोलत नाही, खोली बोलते," असं ते म्हणत, आणि हे वाक्य इतक्या वेळा म्हणत की घरातली मंडळी त्यांच्याआधीच ते पुरं करत.

आणखी एक सवय होती. काम झालं की मशीनच्या झाकणाच्या आतल्या अंगाला ते पेन्सिलीनं लिहून ठेवत. तारीख, काय बिघडलं होतं, काय बदललं, कुठल्या खोलीला किती वारा. अक्षर एकदम सुबक, शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या पोरासारखं. पुढच्या वेळी कोण येईल सांगता येत नाही, मागच्यानं काय केलं ते पुढच्याला कळायला हवं, हा त्यांचा हिशेब. चाळीस वर्षांत एकाच बिघाडासाठी आपल्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावलेलं नाही, हे ते अभिमानानं सांगत. सांगताना छाती जरा पुढे यायची. येऊ दे की. खरंच होतं ते.

गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी शिडी सोडली आणि धंदा लेकीच्या हातात दिला. लेक शिकलेली. एका मोठ्या कंपनीत पाच वर्षं काम करून मग दुकानात आलेली. तिच्याकडे वारा मोजायचं यंत्र, उष्णता दाखवणारा कॅमेरा, भिंतीत डोकावणारी नळी. ती प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायची, म्हणून वडील तिला मोजणीबाई म्हणत. ती त्यांना म्हणायची, "बाबा, तुम्ही पंचवीस मिनिटं बसता तेवढ्यात माझी तीन घरं होतात." ते म्हणत, "होऊ देत. चौथ्या घरी मला बोलावशील." असं रोज चालायचं. पण जुनी, घरघर करणारी मशीनं काढून नवी बिनआवाजाची, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम करणारी मशीनं ती ज्या सफाईनं बसवायची ते पाहून खुर्चीवाले दुकानाच्या पायरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत. पोस्टमननं त्या गल्लीत यायची वेळ बदलली होती.

लेकीचं पहिलं मोठं काम आलं ते मोठ्या बाईंकडून. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची वसाहत बावन्न घरांची, सगळी घरं एकाच वर्षी बांधलेली, सगळ्यांची मशीनं एकाच वयाची आणि आता एकदमच म्हातारी झालेली. बाई वसाहतीच्या समितीच्या अध्यक्ष. त्यांनी ठरवलं, आधी माझ्या घरी बसवा. नीट चाललं तर बावन्न घरांचं काम तुमच्या मुलीला. नाही चाललं तर ती मोठी कंपनी दार ठोठावतेच आहे. बावन्न घरं म्हणजे लेकीला चार-पाच वर्षं मान वर करायला फुरसत नाही, आणि गावात तिचं स्वतःचं नाव. वडिलांची मुलगी म्हणून नव्हे, तिचं.

तिनं मशीन बसवलं आणि पुढच्या तिन्ही खोल्या अशा गार झाल्या की शेजारी निमित्त काढून बसायला यायला लागले. फक्त मागची खोली हटून बसली. सतरा वर्षं ती पुस्तकांची अडगळ होती. बाईंच्या यजमानांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, न्हाणीघर जवळ पडावं म्हणून खोली रिकामी करून त्यांची खाट तिथे घातली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि यजमान घामानं निथळत होते. लेक दोनदा जाऊन आली. मशीन तपासलं, जोड तपासले, कुठे हवा गळत नव्हती. हवा वाहून नेणारा पत्र्याचा डक्ट माळ्यावरून मागच्या खोलीत जायचा. त्याच्याबद्दल तिला शंका घ्यायचं कारण नव्हतं. जुन्या मशीनच्या झाकणावर वडिलांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मागची खोली : डक्ट मोकळा, वारा पुरेसा.' ते झाकण तिनं टाकून न देता दुकानाच्या भिंतीवर टांगलं होतं.

"मी येतो," खुर्चीवाले म्हणाले.

"नको, बाबा. तुम्ही आलात की लोक म्हणतील, शेवटी म्हाताऱ्यालाच यावं लागलं."

 तिचं बोलणं खरं होतं, आणि 'म्हातारा' हा शब्द सोडला तर त्यांना ते पटलंही.

सोमवारी ती एकटीच तिसऱ्यांदा गेली. समितीची बैठक मंगळवारी संध्याकाळी सहाला होती. दिवेलागणीला परत आली, हातपाय धुऊन ताटावर बसली आणि म्हणाली, "झालं काम. माझंच चुकलं होतं. मागच्या खोलीचं माप घेताना गडबड केली मी."

"तू? माप घेताना?"

"होतं कधीकधी."

"आणि बाईंना काय सांगितलंस?"

"हेच. म्हणाल्या, बैठकीत कंपनीचंही नाव घ्यावं लागेल आता." तिनं मान वर केली नाही. भाताचा डोंगर करून त्याला मधोमध खड्डा पाडत बसली.

खुर्चीवाल्यांनी अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. जी पोर दुधाच्या पिशवीवर छापलेलं वजनही तपासून बघते, ती आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामात माप चुकते?

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक दुसऱ्या कामावर पायीच गेली होती, काम दोन गल्ल्यांवरच होतं. खुर्चीवाल्यांना खिडकीचा कडी-कोयंडा सरळ करायला पकड हवी होती, म्हणून त्यांनी तिच्या कामाच्या गाडीचं मागचं दार उघडलं. पकड मिळाली. तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं लागलं. त्यांनी फडकं सोडलं.

आत पत्र्याचा चौकोनी तुकडा होता. धुळीनं काळवंडलेला, एका बाजूला दोन बोटं मोकळी राहतील असा कापलेला. चारही कडा नीट आत दुमडलेल्या.

पत्र्याच्या कडा अशा दुमडणारा गावात एकच माणूस होता. पुढच्या मिस्त्रीचं बोट कापू नये म्हणून तो ते करायचा. खुर्चीवाले पत्रा मांडीवर घेऊन गाडीच्या पायरीवर बसले.

मग सगळं आठवलं, अगदी खोलीतल्या औषधांच्या वासासकट. सतरा वर्षांपूर्वी मागच्या खोलीत मोठ्या बाईंची आई अंथरुणाला खिळून होती. जुन्या मशीनचा वारा आडदांड, थेट म्हातारीच्या पायांवर यायचा. ती रात्रंदिवस कण्हायची. बाई रडकुंडीला आल्या होत्या. खुर्चीवाल्यांनी तिथल्या तिथे पत्रा कापला, डक्टला चीर पाडून आत सरकवला, वरून पट्टी चिकटवली आणि डक्टवरचं जाड पांघरूण पुन्हा गुंडाळलं. चार दिवसांपुरती सोय. नंतर येऊन नीट मुठीची झडप बसवायची, म्हणजे वारा कमीजास्त करता येईल, असं ठरलं होतं. आठवड्याभरात म्हातारी गेली. खोली बंद झाली. दुःखाच्या घरी झडपेचं काय विचारायचं म्हणून ते थांबले, आणि थांबता थांबता विसरले.

झाकणावरची 'डक्ट मोकळा' ही ओळ त्याआधीची, पत्र्याचं तिथे लिहिलं नव्हतं. ते मुद्दामच. तात्पुरतं काम झाकणावर लिहायचं नाही, झाकण पक्क्या कामासाठी, हा त्यांचा नियम. स्वतःच केलेला, स्वतःच मोठ्या अभिमानानं पाळलेला.

आत जाऊन त्यांनी पत्रा बायकोसमोर ओट्यावर ठेवला. ती भाजी निवडत होती. तिनं एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पुन्हा भाजीत हात घातला.

"तुला माहीत होतं?"

"काल येतानाच मला फोन केला होता तिनं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? म्हणाली, बाबांचं चाळीस वर्षांचं नाव आहे, एकदा गेलं तर परत करायला वय उरलेलं नाही. माझं आत्ताशी सुरू होतंय, माझं मी सावरेन." बायकोचा आवाज जरा ओला झाला. "मी म्हटलं तिला, की त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. तर म्हणते, कळणारच नाही, ते कुठे गाडीत हात घालतात!"

खुर्चीवाल्यांना राग आला. कडकडून आला. पण तो नेमका कुणाचा ते त्यांना ठरवता येईना, कारण त्याच वेळी छातीत काहीतरी इतकं मोठं झालं होतं की शर्टाचं बटण तुटेल असं वाटत होतं. पोरीनं स्वतःची बावन्न घरं उचलून बापाच्या नावापुढे ठेवली होती, आणि वर भाताशी खेळत बसली होती.

"किती वाजले?"

"साडेचार. अहो, गुडघा! रिक्षा तरी करा!"

पण ते चपला घालून निघालेही होते, पत्रा काखोटीला मारून.

मोठ्या बाईंनी दार उघडलं. "या, या," म्हणाल्या. "थांबा, खुर्ची आणते."

"खुर्ची नको, बाई."

बाई जागच्या जागी थांबल्या. तीस वर्षं हा माणूस या घरी येत होता. खुर्ची नको, हे शब्द त्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकले.

ते मागच्या खोलीत गेले. यजमान खाटेवर टेकून वर्तमानपत्र वाचत होते. खुर्चीवाले खाटेच्या पायथ्याशी, शिक्षा झालेल्या मुलासारखे ताठ उभे राहिले आणि त्यांनी पत्रा दोन्ही हातांत पुढे धरला. सगळं सांगितलं. म्हातारीचे पाय, चार दिवसांची सोय, झडप, विसरणं. झाकणावर न लिहिण्याचा नियमसुद्धा. "माझ्या मुलीनं तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे. तिचं माप बरोबर होतं. चूक माझी, सतरा वर्षांची. आजपर्यंत मला कुणी एका कामाला दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं, हे मी गावभर सांगत आलो. आता ते सांगायचं नाही. सहाच्या बैठकीत काय ते ठरवा, पण तिच्या नावावर माझी चूक ठेवून ठरवू नका."

बाईंनी पत्रा हातात घेतला. दुमडलेल्या कडेवरून त्यांचं बोट हळूहळू फिरलं.

"आईच्या वेळचा हा," त्या म्हणाल्या. "हा टाकलात त्या रात्री आई पहिल्यांदा शांत झोपली. मीसुद्धा." मग आवाज पुन्हा मुख्याध्यापिकेचा झाला. "विसरलात, ही चूकच. आणि नियम करून विसरलात, ही त्याहून मोठी. जे तात्पुरतं असतं तेच आधी लिहायचं असतं, तेवढंच माणूस विसरतो."

"हो, बाई."

"आणि तुमच्या मुलीला खोटं बोलता येत नाही. छत्तीस वर्षं मुलांची तोंडं वाचलीत मी. माप चुकलं म्हणाली तेव्हाच कळलं, की ही खोटं बोलतेय. पण स्वतःची चूक लपवायला माणूस खोटं बोलतो. स्वतःवर चूक घ्यायला का बोलेल, ते मला कालपासून सुटत नव्हतं. म्हणून कंपनीचं नाव पुढे केलं. जी मला खरं सांगत नाही तिच्या हाती बावन्न घरं कशी देऊ?"

तेवढ्यात दार धाडकन वाजलं आणि लेक धापा टाकत आत आली. आईनं फोन करायला अर्थातच वेळ लावला नव्हता.

"बाबा, काय केलंत तुम्ही हे! माझं मी बघून घेतलं असतं ना!"

"तू बघितलंस ते बघितलं मी. चल इकडे."

बोळातल्या कपाटात नवं मशीन होतं, इतकं हलकं चालणारं की कान लावावा लागे. खुर्चीवाल्यांनी झाकण काढलं. आत लेकीनं वडिलांच्या रीतीनं पेन्सिलीनंच सगळं लिहिलं होतं, खोलीगणिक आकडे, आणि शेवटी कालची ओळ, 'मागची खोली : माप घेताना चूक. दुरुस्त केली.'

"बाई, खोडरबर आहे का घरात?"

मुख्याध्यापिकेच्या घरात खोडरबर नसेल तर कुठे असेल? खुर्चीवाल्यांनी ती ओळ एवढी घासली की पत्रा चकाकला. मग कानावरची पेन्सिल काढली आणि सुबक अक्षरात, जराही घाई न करता लिहिलं, 'मागची खोली : डक्टमध्ये पत्रा होता. सतरा वर्षांपूर्वी मी टाकला, लिहिला नाही. मुलीनं शोधला, मुलीनं काढला.' शेवटच्या चार शब्दांखाली रेघ ओढली.

लेकीनं ते वाचलं आणि तोंड फिरवून बोळाच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"शोधलास कसा?" त्यांनी विचारलं. "मी मोकळा आहे म्हणून लिहिलं होतं."

"दोनदा तुमच्या लिहिण्यावर विश्वास ठेवला," ती नाक ओढत म्हणाली. "तिसऱ्यांदा काही सुचेना. मग खोलीत जाऊन बसले."

"कशावर?"

"खुर्चीवर. वीस मिनिटं. वारा वर माळ्यावरच अडतोय ते तिथे ऐकू आलं. बसले होते हे कुणाला सांगू नका."

बाई हसल्या. गेल्या आणि स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची स्वतः उचलून घेऊन आल्या. मागच्या खोलीच्या मधोमध ती ठेवून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "सहाला बैठक आहे. समितीला काय सांगायचं ते मी सांगेन, झाकण उघडून दाखवेन. उभं राहायची शिक्षा संपली तुमची. बसा."

खुर्चीवाल्यांनी मागच्या खोलीत येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसावंसं फार वाटत होतं, गुडघा ठणकत होता. पण त्यांनी खुर्ची फिरवली आणि लेकीकडे केली.

"ही तुझी जागा. बस."

"बाबा, काहीतरीच!"

"बस म्हणतो ना."

ती बसली, लाजून, अंग चोरून. त्यांनी खिशातून काडी काढून तिच्या हातात दिली. चाळीस वर्षांत ती काडी त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती, अगदी बायकोच्याही नाही. लेकीनं हात वर करून दोरा जाळीसमोर धरला. दोरा उचलला गेला, थरथरला आणि सरळ आडवा होऊन तसाच राहिला.

"वारा पुरेसा," ती हळूच म्हणाली.

"पुरेसा कसला?" खाटेवरून यजमान ओरडले. "कालपासून सांगतोय, कुणी ऐकत नाही! मला कुणीतरी पांघरूण द्या!"

बाई पांघरूण आणायला धावल्या. लेक हसता हसता डोळे पुसत होती आणि काडी मात्र तिनं खाली केली नव्हती. खुर्चीवाले दाराला टेकून तिच्याकडे बघत उभे होते. गुडघा दुखत होता म्हणे, पण त्यांना त्याची आठवण घरी पोचल्यावर झाली.